थकलेलं भाडं

कोर्टाचा बेलिफ आला तेव्हा कोंडीराम येलवे जिन्याच्या तोंडाशी उभा राहून धुतलेला पंचा पिळत होता. बेलिफ आधी चुकीच्या जिन्याने वर चढला होता. परळच्या त्या चाळीत पहिल्या मजल्याची गॅलरी मधोमध तुटलेली, दोन्ही टोकांना बांबू आडवे बांधलेले. पलीकडून त्याला कोंडीरामची खोली दिसत होती, पण येता येत नव्हतं. मग तो पुन्हा खाली उतरला, चौकातून वळसा घालून दुसऱ्या जिन्याने वर आला. धापा टाकत त्याने नाव विचारलं.

"मीच," कोंडीराम म्हणाला.

पंचा खांद्यावर टाकून त्याने हात पोटाला पुसले. कागद घेतले. जिथे बोट ठेवलं तिथे सावकाश सही केली.

"वाचून घ्या आजोबा. आत तारीख आहे. चुकवू नका."

"भाड्याचंच ना?"

"भाड्याचंच."

"मग वाचायचं काय त्यात," कोंडीराम म्हणाला. "पाणी घेणार?"

बेलिफ उभ्याउभ्याच तांब्याभर पाणी प्याला आणि गेला. कोंडीरामने कागद फळीवर बुद्धाच्या मूर्तीजवळ ठेवले आणि पंचा दोरीवर वाळत घातला.

सुमेधा, त्याची सून, तेव्हा लालबागला मसाला कुटायच्या डंकावर कामाला होती. मार्च सरत आला होता. घराघरांतून वर्षाचा मसाला करायचे दिवस. दुकानापुढे बायका आपापल्या मिरचीच्या पिशव्या मांडीशी धरून नंबर लावून बसल्या होत्या. आत लोखंडी डंक खाली-वर होत होते. प्रत्येक ठोक्याला जमीन हलायची आणि लाल धूळ उडायची. सुमेधाने ओढणी नाकावरून डोक्यामागे घट्ट बांधली होती. मोठ्या कढईत ती धणे भाजत होती, मग दगडफूल, मग तमालपत्र. कढईची धग पोटाला लागायची. घाम डोळ्यांत उतरायचा, पण मिरचीच्या हाताने डोळा पुसायची सोय नव्हती. ती खांद्याला कपाळ घासायची आणि पुन्हा झारा धरायची.

संध्याकाळी ती घरी आली. नवरा धनेशही नुकताच माझगावहून आला होता. तो तिथे गोदीत कंत्राटावर वेल्डिंग करायचा. डोळे लाल, मनगटावर ठिणग्यांचे काळे ठिपके. त्याने हात न धुताच कागद वाचून काढले.

"भाडं थकवलं म्हणून खोली खाली करून मागितलीय," तो म्हणाला. "व्हायचं ते झालंच शेवटी. मी कधीचा सांगत होतो, मालकाकडचा विनीतशेट खोली सोडायचे पैसे देतोय तर घेऊ नि बदलापूरला बघू."

"तुझी आई इथं पडली," कोंडीराम म्हणाला.

"म्हणून काय आपण पण इथंच पडायचं?"

सुमेधाने चहाचं आधण ठेवलं. हे बोलणं घरात नवं नव्हतं.

साडेतीन वर्षांपूर्वी जाईबाई, कोंडीरामची बायको, सकाळी बादली घेऊन नळावर निघाली होती. गॅलरीची फळी पायाखालून गेली. ती खाली चौकातल्या फरशीवर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आठ महिने खाटेवर काढून ती गेली. त्याआधी दोन पावसाळे चाळीतली माणसं मालकाला सांगत होती, की तुळया कुजल्यात. जुने मालक वारले होते. चाळ नव्या माणसांनी विकत घेतली होती. त्यांची कचेरी ठाकूरद्वारला होती आणि मालकाचा पुतण्या विनीत ती सांभाळायचा. त्यांना चाळ पाडून टॉवर बांधायचा होता. गॅलरी कशाला बांधतील?

जाईबाईच्या जलदानविधीनंतर मालकाचा वसुलीचा माणूस आला. कोंडीराम त्याला बांबूपाशी घेऊन गेला.

"ही बांध," तो म्हणाला, "आणि भाडं घेऊन जा. बांधल्याशिवाय एक पैसा मिळायचा नाही."

माणूस पुढल्या महिन्यातही आला. त्याच्या पुढल्या महिन्यात आला नाही. पुढे वकिलाची नोटीस आली, तेव्हा कोंडीराम ठाकूरद्वारला जाऊन हेच तोंडावर सांगून आला होता. भाडं काही फार नव्हतं. चाळीतलं जुनं भाडं ते. पण त्याने शब्द दिला होता आणि तो शब्द त्याने पाळला होता.

"वकील बघायला पाहिजे," सुमेधा चहा गाळता गाळता म्हणाली.

"बघ," कोंडीराम म्हणाला. "मी खरं तेच सांगणार."

डंकावर मसाल्याला येणाऱ्या एका बाईची बहीण वकील होती. लतिका तिचं नाव. धोबीतलावाला कोर्टाजवळच्या जुन्या इमारतीत, दोघा वकिलांबरोबर एका टेबलाच्या अर्ध्या भागात ती बसायची. सुमेधा अर्धा दिवस खाडा करून सासऱ्याला घेऊन गेली. लतिकाने कागद वाचले. मग कोंडीरामला विचारलं, "नोटिशीला उत्तर दिलं होतं?"

"दिलं ना. तोंडावर सांगून आलो."

"लिहून?"

"तोंडानं सांगितलेलं कळत नाही का त्यांना?"

"कळतं. कोर्टाला कळत नाही." तिने चष्मा काढून डोळे चोळले. "काका, गॅलरीची तक्रार खरी आहे. पण कायद्यात दुरुस्ती वेगळी आणि भाडं वेगळं. दुरुस्ती केली नाही म्हणून भाडं अडवलं, तर भाडेकरू थकबाकीदार होतो. मालक बरोबर तेवढंच धरून आलाय."

"मग?"

"मग एक वाट आहे. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत सगळी थकबाकी व्याजासकट कोर्टात भरायची. त्याच्यापुढं केस संपेपर्यंत भाडं कोर्टात भरत राहायचं, खंड पाडायचा नाही. कोर्टानं दाव्याचा खर्च भरायला सांगितला तर तोही भरायचा. एवढं पाळलंत तर भाडं थकलं म्हणून तुम्हाला बाहेर काढता येत नाही."

"नाही भरलं तर?"

"तर मी जाईबाईंचं सगळं उभं राहून सांगेन. न्यायाधीश ऐकून घेतील. आणि खोली मालकाला देतील."

कोंडीराम टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. तिथलं सनमायका उचकटलं होतं. तो ते बोटाने दाबत होता, ते पुन्हा वर येत होतं.

"भरलं म्हणजे तो खरा ठरला," तो म्हणाला.

"त्यात कोणी खरं ठरत नाही, काका. तुम्ही घरात राहता, बास. पण खोली तुमच्या नावावर आहे. अर्ज तुमच्या सहीनं करावा लागेल. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते, ती धरून चला. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका."

"विचार करतो," कोंडीराम म्हणाला आणि उठला.

बसमध्ये सुमेधाने त्याला खिडकीजवळ बसवलं. भायखळा आलं.

"बाबा," ती मग म्हणाली, "पैशाचं मी बघते."

"पैशाचं कोण बोलतंय, बाय?" तो म्हणाला.

एप्रिल तापला. चाळीत निळे झेंडे लागले, जयंतीला कोंडीराम पांढरा सदरा घालून सकाळीच नाक्यावर गेला, वंदना करून आला. येणाऱ्या-जाणाऱ्याला जयभीम घालत होता. घरात मात्र त्याचं बोलणं कमी झालं होतं. सुमेधाने अर्जाचा विषय काढला की तो पाणी आणायला उठायचा. नळ आणि संडास गॅलरीच्या पलीकडल्या टोकाला. कळशी घेऊन खाली उतरायचं, चौक ओलांडायचा, दुसरा जिना चढायचा. सत्तरी उलटलेला माणूस, गिरणीत कापसाची धूळ खाऊन छाती बसलेली. मधल्या पायरीवर थांबून तो खोकायचा. सुमेधा आतून ऐकायची. खोकला थांबला की तिचा पोळपाट पुन्हा चालू व्हायचा.

डंकाच्या शेटकडे तिने उचल मागितली. दुपारची वेळ, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं.

"उचल?" शेट मोठ्याने म्हणाला. "तुमची खोली जाणार म्हणतात ना? मग उचल घेऊन तू गेलीस तर मी कुठं शोधू तुला, विरारला?"

बाकावरच्या दोन बायका हसल्या. एकीने मान फिरवली. सुमेधा हातात चाळण घेऊन तशीच उभी राहिली. ओढणीतून तिचे फक्त डोळे दिसत होते.

"जाणार नाही," ती म्हणाली. "खोली पण नाही, मी पण नाही."

शेटने वही पुढे ओढली. "बरं बरं. उचल देतो. पण मिरची घरी न्यायची. देठ खुडून आणायचे, रोज एक पोतं."

तेव्हापासून खोलीत मिरची आली. बेडगीची लांब सुरकुतलेली, लवंगी बारीक आणि जहाल. डंकावरून आलं की स्वयंपाक करायचा, जेवणं आटोपायची आणि पोतं ओतून बसायचं. देठ मोडला की टच् असा आवाज व्हायचा आणि बी उडायचं. लवंगीने तिची बोटं पेरापेराशी फुगली. आग व्हायची. ती खोबरेल चोळायची, ताकात हात बुडवून बसायची. भाकरी थापताना तव्याची धग हाताला लागली की तिच्या तोंडून स्स् असं निघायचं आणि ती लगेच ओठ मिटायची. धनेश म्हणायचा, "सोड ना. कशासाठी चाललंय? ते सही करणार नाहीत."

"करतील."

"आणि नाही केली तर?"

"तर मसाला तरी खाऊ वर्षभर," ती म्हणायची.

खोलीत मिरचीचा खकाणा साठायचा. कोंडीराम पंचाने तोंड बांधून दारात बसायचा. एकदा तो न बोलता आत आला, तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि देठ खुडायला लागला. तुटलेला धागा चालत्या मागावर जोडायची सवय असलेली त्याची बोटं. ती अजून झरझर चालत होती.

"बाबा, खोकला उसळेल."

"उसळू दे."

"दमाल."

"तू दमत नाहीस?"

अर्ध्या पोत्यापर्यंत तो तसा बसला. शेवटी ढास लागली आणि त्याला बाहेर जावं लागलं. सहीचं मात्र त्याने काढलं नाही. मे निघून गेला. कोर्टाची सुट्टी संपली. लतिकाचा दोनदा फोन आला. सुमेधा "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिली.

जूनच्या सुरुवातीला कोंडीराम एकटाच ठाकूरद्वारला गेला. घरात त्याने सांगितलं नाही. त्याच्या मनात होतं, की एकदा शेवटचं बोलून बघू. गॅलरी बांधतो म्हणाले तर सगळं भाडं एका दमात देऊन टाकू, कोर्ट नको नि कचेरी नको.

कचेरीला काचेचं दार होतं. बाहेर प्लास्टिकचं स्टूल होतं. शिपायाने त्याला त्यावर बसवलं. दार उघडलं की थंड हवा पायांवर यायची, मिटलं की पुन्हा उकाडा. माणसं येत होती, आत जात होती, हसत बाहेर पडत होती. कोंडीरामने सकाळी चहा-बटर खाल्लं होतं तेवढंच. त्याने शिपायाला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा शिपाई म्हणाला, "बाबा, सांगितलंय ना आत. बसा ना गप." कोंडीराम पुन्हा बसला. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे त्याला एका बाजूला रेलून बसावं लागत होतं.

बऱ्याच वेळाने आत बोलावलं. विनीत तिशीचा, नम्र बोलणारा. त्याने समोरची खुर्ची दाखवली.

"बसा बाबा. पाणी देऊ?"

"पाणी नको. मी एकच सांगायला आलोय. गॅलरी बांधायला माणसं लावा. लावलीत त्या दिवशी सगळं भाडं आणून देतो. व्याजासकट."

"बाबा, मॅटर कोर्टात आहे आता. मी काय बोलणार?"

"तुम्ही मालकाकडचे. तुम्हीच बोलणार."

"तुमच्या मिसेसचं वाईट वाटलं आम्हाला. खरंच. पण एवढी मोडकी गॅलरी, माहीत होतं ना त्यांना? मग गेल्या कशाला तिथून?"

नळ पलीकडे होता. संडास पलीकडे होता. कुठून जाणार होती ती? हे इतकं साधं होतं, की ते कसं सांगायचं तेच कोंडीरामला कळेना.

तेवढ्यात विनीतचा फोन वाजला. त्याने खुर्ची थोडी वळवली आणि बोलायला लागला. समोरचा म्हातारा ऐकतोय याचं त्याला काही नव्हतं.

"हां काका. नहीं, परळ का हो जाएगा. येलवे? अरे, उसको कुछ देने की जरूरत नहीं. भाडा नहीं भरता ना, बस. वो अपना ही काम कर रहा है. जून निकल जाने दो."

फोन ठेवून त्याने वळून बघितलं. कोंडीराम उठला होता.

"बसा ना बाबा. चहा मागवतो."

"येतो," कोंडीराम म्हणाला.

खाली रस्त्यावर येऊन तो फुलवाल्याच्या टपरीला धरून उभा राहिला. फुलवाल्याने त्याला आपली खुर्ची दिली. तीन-साडेतीन वर्षं त्याला वाटत होतं, की आपण एका बाजूला उभे आहोत आणि मालक दुसऱ्या बाजूला. सगळ्या चाळीला तसंच वाटत होतं. लोक म्हणायचे, येलवेबाबा वाकला नाही. आणि तिकडे ते त्याच्या न वाकण्याचीच वाट बघत बसले होते. 'अपना ही काम कर रहा है.'

तो घरी गेला नाही. बस पकडून लालबागला उतरला आणि विचारत विचारत डंकावर पोचला. इतक्या वर्षांत तो तिथे कधी आला नव्हता. सुमेधाने त्याला पायरीवर बघितलं आणि झारा कढईतच सोडून ती धावली.

"बाबा? काय झालं? धनेशला काही..."

"काय नाय झालं." त्याला मिरचीची ढास लागली. ती थांबेपर्यंत तो तिचा हात धरून राहिला. मग म्हणाला, "सही करायला कधी जायचं?"

सुमेधाने ओढणी तोंडावरून खाली ओढली. तिचा चेहरा नाकापासून वर लाल झाला होता आणि खाली पांढरा होता.

"उद्या," ती म्हणाली.

रात्री कोंडीरामने ठाकूरद्वारचं सगळं घरात सांगितलं. पैसे पुरत नव्हते. उचल होती, देठांचे होते, तरी व्याज धरून कमी पडत होते. धनेशने दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना एक पाकीट ओट्यावर ठेवलं.

"भिशी उचलली," तो म्हणाला. "बदलापूरसाठी लावली होती." आणि बूट घालता घालता, वर न बघता, "त्या विनीतशेटला म्हणावं, आता जून निघून जाऊ दे."

कोर्टात अर्ज दिला. दुसऱ्या बाजूचे वकील उठून म्हणाले, की इतकी वर्षं हे काय झोपले होते का? अर्ज मंजूर झाला. मग पैसे भरायचे. एका खिडकीवर सांगितलं, पलीकडे जा. पलीकडे सांगितलं, शिक्का राहिलाय. शिक्का मारणारा जेवायला गेला होता. कोंडीराम भिंतीला टेकून उभा होता. सुमेधाने त्याच्यासाठी बाकावर जागा धरली, पण तो बसला नाही. तिसऱ्या खिडकीवरल्या बाईने विचारलं, "रक्कम कसली?"

"थकलेलं भाडं," कोंडीराम म्हणाला.

"मोठ्यानं बोला."

"थकलेलं भाडं," तो मोठ्याने म्हणाला. रांगेतली माणसं बघायला लागली.

पैसे भरले गेले. मुदत संपायला अजून थोडे दिवस होते. बाहेर आल्यावर त्याने लतिकाला विचारलं, "हे पैसे शेवटी त्यालाच मिळणार?"

"हो. त्यानं कोर्टाकडे मागितले की मिळतील."

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. ताट सरकवून भिंतीकडे तोंड करून बसला. सुमेधाने धनेशला खुणेने गप्प राहायला सांगितलं. भांडी आवरून ती सासऱ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, आईंना आठ महिने मी उचललं. कुशीवर वळवलं. पाठीच्या जखमा धुतल्या. त्यांना ओरडायचं असायचं, पण शेजारी ऐकतील म्हणून त्या पदर चावायच्या. तुम्ही वॉचमनच्या कामाला जायचात, मी बघायचे ते. मला राग नाही असं वाटतं तुम्हाला?"

कोंडीराम बोटाने भिंतीचा पोपडा काढत होता.

"माझा राग कुठं गेला नाही. पण तो घेऊन मी बदलापूरला जाणार नाही. इथंच राहणार. त्या बांबूंसमोर."

मग कोंडीरामने हात मागे करून ताट ओढलं. भाकरी गार झाली होती. सुमेधा ती गरम करायला उठली.

"राहू दे," तो म्हणाला. "अशीच चालते."

तारखा पडत गेल्या. मसाल्याचे दोन हंगाम आले आणि गेले. चाळीतली आणखी बिऱ्हाडं पैसे घेऊन निघून गेली. त्यांच्या दारांना मालकाची कुलपं लागली. कोंडीराम दर महिन्याला, भाडं भरायच्या दिवशी, धुतलेला सदरा घालून धोबीतलावाला जायचा. एकदा ताप होता तेव्हा धनेशने टॅक्सी करून नेलं. खंड पडू दिला नाही. खिडकीवरली बाई आता त्याला ओळखायला लागली होती. "आलात येलवेबाबा?" म्हणायची.

मग त्याची साक्ष निघाली. लतिकाने बजावलं होतं, "विचारतील तेवढंच बोलायचं. जास्त नाही." पिंजऱ्यात उभं राहताना त्याने काठी सुमेधाकडे दिली आणि लाकडी कठडा धरला. मालकाच्या वकिलांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग जवळ येऊन म्हणाले, "नोटीस मिळाली तेव्हा भाडं द्यायची तुमची इच्छाच नव्हती. खरं की खोटं?"

लतिका खाली कागदांकडे बघत होती. सुमेधाने काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"खरं," कोंडीराम म्हणाला.

वकील थबकले. त्यांना इतकं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं. "म्हणजे तुम्ही जाणूनबुजून भाडं थकवलंत."

"जाणूनबुजून. माझी बायको गॅलरीतून पडली. गॅलरी आज पण तशीच आहे."

"तेवढं विचारलेलं नाही."

"विचारलं नाही म्हणून तर इतकी वर्षं गेली," कोंडीराम म्हणाला.

न्यायाधीश बाईंनी मान वर केली. "कधी पडल्या?"

कोंडीरामने दिवस सांगितला, महिना सांगितला, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, हेही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. खाली बसलेल्या माणसाने ते टाइप केलं की नाही, कोंडीरामला दिसलं नाही. मग बाई म्हणाल्या, "पुढचा प्रश्न."

निकाल लागला त्या दिवशी धनेशही रजा टाकून आला होता. मालकाचा दावा फेटाळला. थकबाकी मुदतीत व्याजासकट भरली, पुढलं भाडं नियमित भरलं, दाव्याचा खर्च भरायला सांगितला तोही भरला, सबब भाडं थकल्याच्या कारणावरून खोलीचा ताबा देता येत नाही. लतिकाने व्हरांड्यात त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं. धनेशने डोळ्यांवर हात धरले. सुमेधा हसायला गेली आणि तिला रडू आलं.

"ते वरच्या कोर्टात जातील कदाचित," लतिका म्हणाली. "पण पाया पक्का आहे आपला. भाडं मात्र चुकवायचं नाही हां, काका."

"गॅलरीचं काय लिहिलंय?" कोंडीरामने विचारलं.

लतिकाने पानं उलटली. "एक ओळ आहे. दुरुस्तीबद्दल भाडेकरूची तक्रार आहे, पण तो या दाव्याचा विषय नाही."

"तिचं नाव आहे?"

"नाही, काका. नाव नाही."

कोंडीरामने मान हलवली. तिघं पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. धनेशने कोपऱ्यावरच्या इराण्याकडे चहा पाजला. कोंडीराम तो बशीत ओतून सावकाश प्याला. कप ठेवताना तो म्हणाला, "दुरुस्तीची कचेरी कुठं असते ती? जुन्या चाळींची?"

"कशाला?" धनेश म्हणाला.

"अर्ज घालायचाय."

"बाबा, आजच?"

"उद्या."

सकाळी सुमेधाने डंकावर उशिरा येते म्हणून फोन केला आणि ती सासऱ्याबरोबर गेली. कचेरीत लांब काउंटर होतं आणि त्यामागे चष्मा लावलेला कारकून. सुमेधाने अर्ज पुढे केला. कारकुनाने तो अर्धा वाचला.

"गॅलरी. हं. मालकानं केली नाही?"

"नाही."

"मालकाशी वाद असतो हो तुमच्या लोकांचा. भाडं देत नाही आणि मग इकडे येता. आम्ही पत्र पाठवतो, मालक लिहून पाठवतो, हा भाडेकरू थकबाकीदार आहे. मग बसा." त्याने पेन उचललं. "तुमचं भाडं थकलंय का? आधी ते सांगा."

सुमेधा उत्तर द्यायला पुढे झाली. कोंडीरामने तिच्या दंडाला हात लावून तिला थांबवलं. काठी काउंटरला टेकवून ठेवली आणि दोन्ही तळवे लाकडावर टेकून तो सरळ उभा राहिला.

"भाडं थकलेलं नाही," तो म्हणाला. बाकावरल्या माणसांनी वळून बघितलं इतक्या मोठ्याने. "आता गॅलरीचं बोला."